तठी जाऊन करा लागते तरी काय?

बचत गटाची बैठक संपली, हप्त्याचे पैसे मोजून डब्यात गेले आणि वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर सचिव वैनींनी लिहिलं : ‘अमरावती – चिखलदरा. २ दिवस. १२ बाया.’ खाली एक रेघ मारली. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोणाला अंबादेवीची ओटी भरायची होती, कोणाला साडी घ्यायची होती, कोणाला धबधब्यापुढे फोटो पाहिजे होता. एकीच्या नणदेनं पाठवलेला व्हिडिओ हातोहात फिरला. ओसरीच्या टोकाला मुगाच्या शेंगा सोलत बसलेल्या आजींनी मान वर न करता विचारलं, “अमरावतीचं समजलं वो. पन त्या पाइंटावर जाऊन करा लागते तरी काय?” बाया खळखळून हसल्या. “पाह्याचं असते आजी,” कोणीतरी म्हणालं. “हो, पन पाहून झाल्यावर?” यावर मात्र कोणी बोललं नाही. शेंगांची फोलपटं तेवढी सुपात पडत राहिली.

प्रश्न साधा आहे, आणि तो सोडवल्याशिवाय सहल आखता येत नाही असं मला आता वाटायला लागलंय. नेर परसोपंतकडच्या माणसाला अमरावती काही नवी नाही. दवाखाना, कचेरी, लग्नाचा बस्ता, पोराची परीक्षा, अंबादेवीचा नवस अशा कामांनी तिथल्या वाऱ्या होतच असतात. पलीकडे बहिरमची जत्रा असते, तिथं नारळ फोडायचा, हंडीतलं मटण आणि रोडगे खायचे आणि परत फिरायचं. प्रत्येक जाण्याला काम चिकटलेलं. नुसतं ‘फिरायला’ जाणं हा शब्दच आपल्याकडं जरा बदनाम. “पोरगं दिवसभर फिरते” ही तक्रार असते, “ढोर फिरते” म्हणजे ते दावं तोडून कोणाच्या तरी वावरात शिरलेलं असतं. असं असताना बारा घरच्या बाया दोन दिवस मुद्दाम फिरणार, म्हणजे हिशेब चोख पाहिजे. नाहीतर परत आल्यावर “काय भेटलं तठी?” याला तोंड द्यावं लागतं.

पहिला हिशेब तारखेचा. हा गुगलवर होत नाही, वावरात होतो. जून पेरणीत जातो, जुलै-ऑगस्ट निंदण-डवरणीत. पोळा झाला की जरा उसंत मिळते, पण लगेच हरतालिका, गणपती आणि महालक्ष्म्या. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत घरची बाई उंबरा सोडत नाही, त्याआधीचे चार दिवस फराळात आणि सारवण्यात जातात. पुढं दसऱ्याच्या आसपास सोयाबीन सोंगणीला येते, आणि त्यानंतर कापूस वेचणी लागली की संक्रांतीपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. मधे उरतो तो पितृपक्षाचा पंधरवडा. शुभकार्य नसल्यानं गाड्या रिकाम्या असतात, वरच्या खोल्या रिकाम्या असतात, अंबादेवीला नवरात्रातली रेटारेटी नसते आणि डोंगर मात्र हिरवागार असतो. “पित्तरपाटात कोनं जाते का फिराले?” असं कोणी म्हणेलच. म्हणू द्यावं. प्रत्येकीच्या घरची तिथ कोणती ते आधी विचारून घ्यावं, त्या तारखा खोडाव्या आणि उरलेल्यातून मंगळवार-बुधवार किंवा बुधवार-गुरुवार धरावा. शनिवार-रविवारी चिखलदऱ्याला गेलं की डोंगरापेक्षा पुढच्या गाडीची नंबरप्लेटच जास्त पाहायला मिळते.

दुसरा हिशेब गोठ्याचा.

दोन दिवसांत धारा चार. पहिल्या दिवशीची पहाटेची धार काढून निघता येतं, म्हणजे उरल्या तीन. त्या काढणार कोण, हा प्रश्न गाडी ठरवण्याच्या आधीचा. नवऱ्याला धार काढता येते असं प्रत्येक घरी सांगतात, पण गायीला ते मान्य असावं लागतं. ज्या हाताची सवय आहे तो हात नसला की गाय पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण सोडत नाही, पाय झाडते, बादली लाथाडते. यावर उपाय एकच : निघायच्या तीन-चार दिवस आधीपासून बदलीच्या माणसाला धारेला बसवायचं. पहिल्या दिवशी बाईनं शेजारी उभं राहून पाठीवर हात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी दारात उभं राहायचं, तिसऱ्या दिवशी दिसायचंच नाही. वासराला आधी चार घोट पिऊ द्यायचे, ढेपेचं टोपलं रोजच्याच जागी ठेवायचं. हे केलं नाही तर वर धबधब्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यात कासच ताठलेली असते. बाकीच्या तयाऱ्या त्यामानानं किरकोळ.

आता अंतर. नेरच्या बाजूनं नांदगाव खंडेश्वर, बडनेरा करत अमरावती साधारण ६० किलोमीटर. तिथून वलगाव, आसेगाव पूर्णा या वाटेनं परतवाडा ५०-५५. परतवाड्याहून धामणगाव गढीच्या घाटानं चिखलदरा आणखी ३० च्या आसपास. येणं-जाणं २९० आणि वरचं फिरणं ४० धरलं तर ३३० किलोमीटरची सहल झाली. बारा जणींना क्रूझर बसते. भाडं ठरवताना तीन गोष्टी तोंडी नाही, वहीत लिहून घ्याव्या : दिवसाला किमान किती किलोमीटरचे पैसे धरणार, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता आणि जेवण कोणाकडं, आणि वरचं पॉइंट-पॉइंट फिरणं भाड्यात आहे की वेगळं. भांडण होतं ते नेहमी तिसऱ्यावर. गाडी नको असेल तर एसटी आहेच. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींना तर तिकीटच नाही, फक्त ओळखपत्र कंडक्टरला दाखवता येईल असं वरच ठेवावं, पिशवीच्या तळाशी साडीच्या घडीत नाही. एसटीनं पैसा वाचतो, पण अमरावतीला आणि परतवाड्याला गाडी बदलण्यात वेळ जातो. चिखलदऱ्याला उतरल्याबरोबर चहाच्याही आधी उद्याची खाली जाणारी गाडी किती वाजता आहे ते स्टँडवर विचारून घ्यायचं. बारा जणी असतील तर माझं मत क्रूझरला. चौघी असतील तर डोळे मिटून एसटी.

एक गोष्ट सहलीच्या कोणत्याच यादीत लिहिलेली नसते, ती म्हणजे बायांनी लघवीला कुठं जायचं. म्हणून बाया काय करतात, तर आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. पहाटे अर्धा कप चहा, मग दुपारपर्यंत कोरडं. घाट लागेपर्यंत डोकं ठणकायला लागतं, तोंड सुकतं, आणि पहिल्या चार वळणांत उलटी. लोक म्हणतात बाईला गाडी लागते. अर्ध्या वेळा गाडी लागलेली नसते, तहान लागलेली असते. तेव्हा आखणीच्या कागदावर देवळांच्या आधी थांबे लिहावे : अमरावती, परतवाडा आणि मधे एखादा पेट्रोल पंप जिथलं स्वच्छतागृह उघडं आहे याची ड्रायव्हरला खात्री आहे. दीड तासाला एक थांबा, कोणी मागितला नाही तरी. मागायला बाया लाजतात आणि ड्रायव्हर स्वतःहून विचारत नाही, म्हणून हे काम गटातल्या एका बोलक्या बाईवर सोपवावं. चिल्लर तिच्याकडं ठेवावी, एक साबण आणि पाण्याची जास्तीची कॅन गाडीत मागं.

परतवाड्यापर्यंत रस्ता सपाट, दोन्ही बाजूंनी कपाशी, तूर, संत्र्याच्या बागा. वलगावला पेढी नदीचा पूल ओलांडताना गाडगेबाबांची आठवण निघतेच. २० डिसेंबर १९५६ ला बाबांनी देह ठेवला तो इथंच, वाटेत. परतवाड्याला डिझेल भरून घ्यावं आणि पोटाला थोडं कोरडं द्यावं. उपाशी पोटी घाट वाईट, आणि तुडुंब पोटी त्याहून वाईट. शिदोरीत पहिल्या दिवशीच्या दोन वेळा धराव्या. भाकरी दुपारपर्यंत ठीक, रात्री ती चामट होते. दशम्या किंवा तिखट-मिठाच्या पुऱ्या बऱ्या. माणशी ८ पुऱ्या म्हणजे ९६, शंभरच धरा. त्याला साधारण दोन किलो कणीक लागते. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि पाणी न घातलेला ठेचा. दुसऱ्या दिवशीचं वरच खावं. तिथली रबडी खाल्ल्याशिवाय उतरू नये. त्या भागातल्या गवळ्यांच्या म्हशींचं दूध असतं ते, आणि दूध ओळखायला आपल्या बायांना कोणी शिकवायची गरज नाही.

घाटात गाडी वळते तेव्हा कानातला तोल सांगतो आपण फिरतोय, आणि मांडीवरच्या मोबाइलकडं पाहणारे डोळे सांगतात आपण स्थिर आहोत. या दोघांच्या भांडणातून मळमळ येते. म्हणून खिडकीबाहेर लांब पाहावं, मोबाइल बंद ठेवावा आणि ज्यांना सवय नाही त्यांना पुढच्या सीटवर बसवावं. क्रूझरच्या मागच्या आडव्या बाकड्यांवर तरण्याताठ्यांनीच बसावं. डॉक्टरनं गोळी दिली असेल तर ती घाटाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. ड्रायव्हर सपाटीवरचा असेल तर त्याला उतरतानाचा नियम आधीच सांगावा : ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला काही जण उतारावर न्यूट्रल करतात, एखादा महाभाग इंजिनही बंद करतो. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी ओढ जाते, पायाखालचा ब्रेक दगडासारखा होतो. आणि सारखा ब्रेक दाबून उतरलं तर तो तापून धरेनासा होतो, जळका वास येतो. तो वास आला की गाडी बाजूला लावून अर्धा तास थांबायचं, चाकांवर पाणी ओतायचं नाही. धुक्यात लाइट वर मारला की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते, म्हणून खालचाच लाइट ठेवायचा. गर्दीच्या दिवशी वाहतूक एकेरी करतात आणि उतरणाऱ्या गाड्या घटांगच्या बाजूनं वळवल्या जातात, ते परतवाड्यातच विचारून घ्यावं, कारण त्यानं परतीचं गणित बदलतं.

चढताना एक गंमत होते. पिशवीतली चिवड्याची सीलबंद पुडी हळूहळू फुगते. वरच्या मोथा गावाच्या आसपास पोचेपर्यंत ती बोटानं दाबली तर टणक लागते, जणू आत कोणी फुंकर मारून ठेवली आहे. कानात दडे बसतात, थुंकी गिळली की टक् करून मोकळे होतात. उतरताना उलटं. वर रिकामी करून झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली खाली परतवाड्यात येईपर्यंत दोन्ही बाजूंनी चिमटलेली असते. हवा वर विरळ आणि खाली दाट, एवढंच त्याचं कारण. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर, अमरावती साडेतीनशेच्या आत-बाहेर. या फरकानं वर पारा साधारण पाच अंशांनी खाली असतो. ओल्या वाऱ्यात तो आणखी उतरल्यासारखा वाटतो. म्हणून भाद्रपदातही माणशी एक शाल किंवा स्वेटर. छत्री नेऊ नका, कड्यावरचा वारा ती उलटी करून हातात नुसत्या काड्या ठेवतो. निंदणाच्या वेळी डोक्यावरून घेतो ती खताच्या पोत्याची खोळ तिथं छत्रीपेक्षा सरस ठरते. फोटोत बरी दिसत नाही म्हणून ती कोणी नेत नाही, आणि मग फोटोत सगळ्या भिजलेल्या दिसतात. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत चपला शेवाळावर घसरतात, मागं पट्टा असलेली खरखरीत तळाची सँडल घ्यावी.

आता आजींच्या प्रश्नाकडं यायलाच पाहिजे.

वर पाहायला पुष्कळ आहे, हीच अडचण. देवी पॉइंट, भीमकुंड, मोझरी पॉइंट, पंचबोल, हरिकेन पॉइंट, शक्कर तलाव, गाविलगड. जीपवाला अख्खी यादी तीन तासांत उरकून देतो. दहा मिनिटं, फोटो, चला. आणि भाद्रपदात नेमकं काय होतं, तर त्या दहा मिनिटांत समोर धुकं असतं. कठड्यापुढं दरी आहे का वाळत घातलेली चादर आहे, कळत नाही. “काहीच नाई दिसलं बापा” म्हणून गाडी पुढच्या पॉइंटवर, तिथंही चादर. पाच पॉइंटवर मिळून एकच पांढरा रंग पाहून बाया खाली येतात. वास्तविक हे धुकं म्हणजे पठारावर टेकलेला ढग. तो एका जागी बसून राहत नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं की कुठून तरी फाटतो, आधी जवळच्या झाडाचा शेंडा दिसतो, मग कड्याची काळी कडा, मग खाली एखादी पांढरी धार. पाण्याचा आवाज तर आधीपासून येतच असतो, तो कुठून येतो ते तेव्हा उमगतं. पाच मिनिटांत पुन्हा सगळं पुसलं जातं. ही पाच मिनिटं कोणत्या वेळी येतील ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून पाच पॉइंटवर दहा-दहा मिनिटं देण्यापेक्षा दोन पॉइंटवर तास-तास द्यावा असं माझं ठाम म्हणणं आहे. बारा जणींना पटवणं अवघड, हे कबूल.

त्यातही निवड करायची तर सकाळी देवी पॉइंट. तिथं देवीचं ठाणं कातळात आहे, वरून पाणी ठिबकत असतं, चंद्रभागा नदी तिथूनच निघते. आजींसारख्यांना देव भेटतो, म्हणजे कामही झालं. दुसरं भीमकुंड. कीचकाला मारून भीमानं दरीत फेकलं आणि इथं हात धुतले, ही कथा सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे कोणी ना कोणी ती सांगायला लागते आणि वेळ आपोआप जातो. पंचबोलला हाक मारून पाहायची असेल तर गर्दी नसताना मारावी, दोन बसमधली पोरं एकदम ओरडत असतील तर कोणाचा आवाज परत आला हे डोंगरालाही सांगता येणार नाही. गाविलगड मात्र या सहलीतून वगळावा. मला स्वतःला तो साऱ्या चिखलदऱ्याहून मोठा वाटतो. इंग्रज कॅप्टन रॉबिन्सननं १८२३ साली हे थंड हवेचं ठिकाण हेरलं म्हणतात, पण त्याच्या वीस वर्षं आधी, १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला होता आणि दोनच दिवसांत नागपूरच्या भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला होता. पण किल्ला नीट पाहायला अडीच-तीन तास चालावं लागतं, पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, त्याखाली सुटलेले दगड आणि कठडा नसलेली टाकी असतात. तो हिवाळ्यात, वेगळ्या सोबतीनं. आजींना घेऊन शार्दूल दरवाज्यावरचं कोरीव काम दाखवून आणू असं कोणी म्हटलं तरी ऐकू नये.

मुक्काम वरच करावा, अमरावतीला नाही. खाली राहिलं की सकाळचे तीन तास रस्त्यात जातात आणि सकाळच ती खरी मिळकत. खोल्या आधी फोनवर धराव्या, एका खोलीत किती जणींना झोपू देतील आणि गरम पाणी किती वाजता येतं हे विचारावं. आधार कार्ड प्रत्येकीचं लागतं, एकीच्या नावावर बारा जणी झोपत नाहीत. पैसे रोख न्यावे आणि सुटे न्यावे, वर नेटवर्क दगा देतं आणि मग फोनवरचे पैसे फोनवरच राहतात. वाटेत कोरकू बाया मक्याची कणसं नाहीतर सीताफळं विकायला बसलेल्या दिसतात. त्यांचा फोटो न विचारता काढू नये. आपल्या निंदणाच्या रांगेपुढं कोणी गाडी थांबवून असा फोटो काढला तर आपण काय म्हणू, तेवढं आठवावं.

राहिली साडी. ही खरेदी जाताना केली तर गठ्ठे घाट चढून उतरतात, शिवाय एका दुकानात सकाळ संपते. म्हणून जाताना फक्त अंबादेवी आणि शेजारची एकवीरा, साडेसातच्या आत. परतीला दुपारी चारला अमरावती, गाडी एका ठरलेल्या जागी उभी, दीड तास, त्यातच कोणाला गिलावडा खायचा तर खावा. साडेपाचला गाडी हलणार म्हणजे सहाला हलते, आठपर्यंत घर. शेवटची धार तोवर झालेली असते.

हे सगळं त्या कोऱ्या पानावर उतरेपर्यंत दिवेलागण झाली. सचिव वैनींनी दुसऱ्या दिवसाच्या सकाळपुढं आधी पाच पॉइंट लिहिले होते, त्यातले तीन खोडले. सात ते नऊ या वेळेपुढं काय लिहावं ते सुचेना. शेवटी त्यांनी लिहिलं : ‘बसणे.’ आजींना वाचून दाखवलं. त्यांनी सूप झटकलं, फोलपटं कोपऱ्यात लोटली.

“बसाले तं आपली ओसरी हायेच,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, “पन तठी ओलं राहीन. सतरंजी कोन आनते?”

वैनींनी यादीत लिहिलं : सतरंज्या २, मेणकापड १.